इळंगोसाहेबांची खोली

चौलला आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. नवी फरशी, आत कमोड, गिझर. तिथे अजून कोणी झोपलेलं नाही. माझी बायको नेत्रा म्हणते, निदान कांदे तरी पसरू या. मी तिच्यावर उगाच खेकसतो.

खोली बांधली इळंगोवन साहेबांसाठी. साहेब तमिळ, पण आजोबा रबराच्या मळ्यावर मजुरीला गेलेले, म्हणून जन्म मलेशियातला, क्लांगचा. रेवदंड्याच्या खाडीकाठी आमच्या कारखान्यात पाण्याचे मोठे पंप बसवायला इंजिनिअर म्हणून आले आणि दोन वर्षं राहिले. मी तिथे फिटर. दिल्लीचे मॅनेजर त्यांना 'इलांगो' म्हणत. चहावाली सखुबाई मात्र पहिल्याच दिवशी म्हणाली, "इळंगोसायेब, चा गार व्हतोय."

साहेब कप हातात घेऊन थबकले. "फिरसे बोलो," म्हणाले. शाळेत, ऑफिसात कुणालाच तो ळ जमला नव्हता. बायको नावाने हाक मारत नसे, आणि वडील तर कधीच गेलेले. आम्हाला काय, नारळ, केळी, गाळ, दिवसभर तोंडात ळच. त्याचं एवढं कौतुक करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पंपाचं बटण दाबण्याआधी शाफ्ट हाताने फिरवून बघायचा, हा त्यांचा नियम. एकदा मॅनेजर घड्याळ दाखवत डोक्यावर उभा होता, तरी साहेबांनी आधी हात लावला. शाफ्ट अडला. उघडून पाहिलं तर आत पुसायच्या कापडाचा बोळा. माझाच. साहेबांनी तो खिशात घातला आणि मॅनेजरला एवढंच म्हणाले, "अर्धा तास लागेल." मला जेवायच्या सुट्टीत बाजूला घेऊन म्हणाले, "प्रज्योत, कापड मोजून आत न्यायचं, मोजून बाहेर आणायचं." आवाज चढवला नाही. सख्ख्या काकाने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर इतकं लागलं नसतं.

निवृत्त होऊन ते क्लांगला गेले, तरी महिन्या-दोन महिन्यांनी फोन असायचा. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये म्हणाले, "डिसेंबरमध्ये येतो. चार दिवस. हॉटेल नको, तुझ्या घरी."

मला आनंद व्हायला हवा होता. मला आठवला तो वाडीच्या टोकाचा संडास. साहेबांचे गुडघे दुखरे, त्यांना तिथे उकिडवं कसं बसवायचं? आणि ते काय म्हणतील? मी ठोकून दिलं, "साहेब, घराचं काम काढलंय. मे महिन्यात या."

काम काढलं ते फोन ठेवल्यावर. अंबाजी गवंडी पाया खणून माणगावला दुसऱ्या कामावर पळाला तो शिमग्याला उगवला. मे महिन्यात प्लास्टर ओलं होतं. मी पुन्हा म्हणालो, "पावसात फरशी नीट बसत नाही साहेब, दिवाळीनंतर नक्की." ते हसले. "बरं," म्हणाले.

फरशी बसली गणपतीच्या आदल्या आठवड्यात. मी हौसेने फोटो पाठवले. उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नीचा फोन आला. साहेब झोपेतच गेले होते. फोटो पाठवले त्याच्या दोन दिवस आधी.

बाई शांतपणे बोलत होत्या. रडत होतो तो मी. आता साहेबांचा फोन येणार नाही, हे अजूनही मनाला पटत नाही. रिंग वाजली की आधी त्यांचंच नाव डोळ्यांपुढे येतं.

फोन ठेवता ठेवता बाई म्हणाल्या, "मे महिन्यात ते मला विचारत होते, प्रज्योतला नक्की कसली अडचण आहे? बाथरूमची असेल, तर मी विहिरीवर अंघोळ करीन. पण असं सांगितलं तर त्याला वाईट वाटेल का?"

मी म्हणालो, "नसतं वाटलं, बाई." तेही खोटंच होतं.