डब्यातली फांदी

हे मी आईलाही कधी सांगितलं नाही. ती दर रविवारी फोनवर विचारते, बरी आहेस ना? मी म्हणते, हो. खोटं नाही ते — बरीच आहे मी इथे. म्हणूनच तर जीभ रेटत नाही.

मी देवगडकडची. सातवीत शाळा सुटली. पुढे ओळखीने इंदूरला आले, अन्नपूर्णा भागात एका मराठी घरी स्वयंपाकाला. घरच्या बाईंना मी काकू म्हणते. काकू पाहुण्यांना सांगतात, ही आमची रंजू. आमची — एवढं कोण म्हणतं परक्या मुलीला?

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, घरचे पचमढीला निघाले. “तू पण चल गं, रोज तो तवाच बघतेस,” काकू म्हणाल्या. तिथे डोंगरावर इंग्रज साहेबांच्या काळातली एक कोठी आहे, मोठा बंगलाच, आता हॉटेल झालेला. सगळे आतला पियानो बघायला गेले. मी बागेत राहिले. मागच्या भिंतीवर गुलाबाची वेल होती, फुलं सायीच्या रंगाची. म्हातारा माळी पाणी घालत होता. मी फांदी मागितली.

“अभी नहीं बेटा, यही एक बेल बची है. बारिश में आना, कलम बनाके दूँगा.”

देणार होता तो. देणारच होता.

आमच्या गावाकडे बायकांची समजूत आहे, मागून आणलेली फांदी धरत नाही, चोरलेली धरते. पण त्या वेळी हे तरी आठवलं होतं का मला? काकूंसाठी काहीतरी न्यायचं होतं, असंही मी नंतर स्वतःला सांगितलं. माळी नळाकडे वळला आणि मी ओढली. साल सोलत मोठा फाटाच हातात आला. मोडला, ओल्या रुमालात गुंडाळला, पुऱ्यांच्या रिकाम्या डब्यात कोंबला.

आम्ही निघालो तेव्हा फाटकाशी हॉटेलचा मॅनेजर त्या माळ्यावर ओरडत होता, सोललेली वेल त्याने पाहिली होती. “फिर कलम बेच दी? बोल, किसको दी?”

“मैंने नहीं तोड़ी, साब.”

मॅनेजरने आमच्याकडे पाहिलं. काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “हमारे यहाँ ऐसा कोई नहीं करता, भैया.”

डबा माझ्या हातात होता. माळ्याने माझ्याकडे पाहिलं — मग डब्याकडे. या मुलीने मागितली होती, एवढं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही. का? आणि मी? मला तर तेव्हा फक्त खांद्यावरचा तो हात कळत होता. तो हात निघेल, एवढीच भीती.

“चाबी रख दे. कल से मत आना.”

किल्ली त्याच्या कमरेच्या दोरीला होती. गाठ सुटेना. आम्ही सगळे बघत उभे.

गाडीत काकूंचा मुलगा इंदुरी थाटात म्हणाला, “भिया, बुढऊ ने धंधा अच्छा जमा रखा था!” सगळे हसले. मीही हसले. हे सांगायचं राहू नये — मीही हसले.

फांदी धरली. शेजारणीने दिली, असं काकूंना सांगितलं. त्यांचे गुडघे दुखतात, कोठीच्या मागच्या भिंतीपर्यंत त्या आल्याच नव्हत्या. आता वेल गच्चीला पोचलीय. “तुझ्या हाताला गुण आहे गं,” काकू म्हणतात.

त्यानंतर तीन पावसाळे झाले. मी गेले नाही. त्या माळ्याचं नावसुद्धा मला माहीत नाही.

आज सकाळी चार फुलं निघाली. काढून काकूंच्या परडीत ठेवली. त्यांनी देवाला वाहिली.