डिस्क पुसू का?

हॉस्पिटलातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची देखभाल तिच्याकडे होती, आणि घरात तिला भित्री भागूबाई म्हणत. हे नाव ठेवलं थोरल्या जावेने, कारण गॅस बंद केलाय का हे बघायला ही बाई अर्ध्या जिन्यावरून परत यायची. ती थट्टा तिला कधी लागली नाही. लग्नानंतर त्या घरात तिला सांभाळून घेतलं ते जावेनेच. आता त्याच जावेवर इथे तळमजल्यावर किरणोपचार चालू होते.

नव्या कॉम्प्युटरांचे ढीगभर खोके आले, तसं साहेबांनी फर्मान काढलं, "एकेकापाशी बसत बसू नका. नेटवर्कला जोडा, चालू करा, सिस्टिम आपोआप चढली पाहिजे." म्हणजे चालू होताच कॉम्प्युटरने सर्व्हरकडून एक छोटी सिस्टिम मागून घ्यायची आणि पुढचं सगळं त्या सिस्टिमने उरकायचं. ती छोटी सिस्टिम कुठली, एवढं मात्र भागूबाईंनी ठरवायचं. एक होती बेधडक, डिस्क दिसली की पुसून मोकळी. दुसरी डिस्कवर जुनं काही सापडलं तर विचारायची, "पुसू का?" तिसरी जुनं दिसताच अडून बसायची, आणि हिने स्वतः जाऊन पासवर्ड दिल्याशिवाय हलायची नाही.

तिचं मन तिसरीवर होतं. पण प्रत्येक अडलेल्या कॉम्प्युटरमागे साहेबांची बोलणी खावी लागणार होती. तिने दुसरी निवडली. विचारते ना, मग झालं तर, अशी स्वतःची समजूत घातली.

दुपारी वीज गेली आणि आली. सर्व्हरच्या पडद्यावर नव्या कॉम्प्युटरांची नावं भराभर उमटू लागली, आणि त्यांच्यात एक जुनं नाव दिसलं. किरणोपचाराच्या खोलीतला कॉम्प्युटर! त्याची आतली बॅटरी संपलेली, म्हणून वीज जाताच स्वतःच्या डिस्कवरून सुरू व्हायची सेटिंग तो विसरला आणि सिस्टिम मागायला सर्व्हरकडे आला. कुठल्या रुग्णाला कुठे आणि किती किरण द्यायचे, ती सगळी आखणी त्याच्याच डिस्कवर होती. दुसरी प्रत काढायचं काम साहेब कधीपासून पुढे ढकलत होते.

तिने त्या खोलीत फोन लावला, कोणी उचलेना. लिफ्ट अडकलेली. जिना उतरताना तिच्या डोक्यात एकच घोष होता, देवा, कोणी हात लावू नये, कोणी हात लावू नये.

खोलीच्या दारात टेक्निशियन हसतमुखाने उभा होता. "या ताई! तो काहीतरी विचारत बसला होता. म्हटलं, एवढ्याशासाठी तुम्हाला कशाला खाली बोलवायचं? हो म्हणून टाकलं."

तिने धावत जाऊन वायर उपटली. पण पडदा काळा होण्याआधी तिला दिसलं होतं, डिस्क पुसून झाली होती आणि नवी सिस्टिम निम्मी चढली होती.

"ताई, काय झालं?" टेक्निशियनचं हसू मावळलं. ती भिंतीला धरून बाहेर आली.

बाकावर जाऊ आपला नंबर यायची वाट बघत होती. तिने हिचा चेहरा पाहिला आणि सरकून जागा केली.

"वेडे, माझ्या काळजीने अशी पांढरीफटक पडलीस होय?" जाऊ म्हणाली, आणि हिचा गार पडलेला हात आपल्या हातात घेतला. "आता थोडेच दिवस राहिलेत माझे उपचारांचे. सगळं नीट होणार आहे, बघ."