मैदान बदललं की रन बदलतात

किया ओरा मंडळी! (आमच्या या नव्या देशातला नमस्कार.) आज अल्बनीला, लेकीच्या नव्या क्लबच्या मैदानावर, तिची बेसबॉल मॅच होती. क्लब बदलल्यापासून तिचे रन आटलेत, त्यामुळे "जुन्या क्लबातली तुझी मैत्रीण रिया बघ, किती रन काढते" हे नवऱ्याचं पालुपद सुरूच असतं.

आज कोचने त्याला समजावलं, "दोन्ही टीम्सचे मिळून या मैदानावर किती रन होतात आणि दुसऱ्या मैदानांवर खेळताना किती, ते आम्ही ताडून बघतो. इथलं कुंपण लांब आहे, सगळ्यांचेच रन कमी होतात. ते धरलं तर तुमची मुलगी मस्त खेळतेय."

"टोल्ड यू, डॅड!" लेक खुलली.

गाडीत नवऱ्याने सीटबेल्ट लावला. मग म्हणाला, "मीपण पुण्यातल्या मित्रांशी स्वतःला ताडत बसतो गं. आपलंही मैदान बदललंय की."

कोच, मुलीसाठी तुमचे आभार मानलेच होते. नवऱ्यासाठी राहिले, ते इथे मानते.