हजेरी न लागलेले पास

शिरोलीच्या एका फौंड्रीत मी टाइमकीपर होतो. फाटकाजवळच्या खोलीत बसायचं, कोण किती वाजता आत आला ते मस्टरवर लिहायचं आणि न आलेल्याच्या नावापुढे लाल शाईनं खाडा लावायचा. नव्वदच्या दशकात कंपनीनं बास्केटबॉलची टीम काढली, तेव्हा एवढ्या लायकीवर साहेबांनी मला स्कोअरर करून टाकलं. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. रिंगमधून बॉल गेला की दोन, लांबून गेला की तीन, इतकं शिकलो आणि टेबलावर जाऊन बसलो.

आसपासच्या कारखान्यांच्या संघांची ती छोटी लीग होती. रविवारी सकाळी एका शाळेमागच्या सिमेंटच्या कोर्टवर सामने व्हायचे. फुटबॉलला अख्ख्या पेठा लोटणाऱ्या या गावात आमच्या सामन्याला चाळीस-पन्नास माणसं, त्यातली निम्मी आमचीच. एक म्हातारे पैलवान एकदा चुकून आले, अर्धा सामना बघितला आणि उठता उठता म्हणाले, "हातानंच खेळायचं हाय तर कुस्ती करा की!"

स्कोअरशीटवर प्रत्येक खेळाडूपुढे दोनच गोष्टी लिहायच्या: पॉइंट आणि फाऊल. सोमवारी ती शीट मी नोटीस बोर्डवर लावत असे. साहेब चहाचा कप घेऊन यायचे आणि पॉइंटच्या रकान्यावरून बोट फिरवायचे.

त्या रकान्यात एक नाव नेहमी तळाला असे. मोल्डिंगमधला कोडोलीचा एक गडी, चोवीस-पंचवीसचा, टेंपररी. शाळेतल्या पीटीच्या सरांनी झाडाला रिंग ठोकून शिकवलेला. घरी बायको, लहान मुलगी आणि दोन म्हशी. टेंपररी माणसाला सात महिने झाले की ब्रेक द्यायची पद्धत होती. म्हणजे घरी बसवायचं आणि काही दिवसांनी नव्यानं घ्यायचं, कायम होऊ नये म्हणून. त्याचे तीन ब्रेक मीच माझ्या अक्षरात लिहिले होते.

सामन्यात त्याचे पॉइंट दोन, नाही तर शून्य. पण टेबल कोर्टला लागून असल्यामुळे मला दिसायचं ते वेगळंच होतं. आमचा उंच फिटर सामन्याला सोळा-सोळा पॉइंट करायचा खरा, पण तो रिंगखाली उभा असताना बॉल त्याच्या हातात आणून ठेवायचा हा कोडोलीकर. दोघांच्या मधून, काखेखालून, कधी तिकडे न बघतासुद्धा. टाळ्या फिटरला पडायच्या. माणसानं काम केलंय आणि त्याची हजेरी नाही, हे मला सहन होत नाही. धंद्याची खोड म्हणा. मी एक जुनी वही घेतली आणि ज्या पासवर पॉइंट झाला त्या प्रत्येक पासला त्याच्या नावापुढे एक रेघ मारायला लागलो. चार उभ्या, पाचवी आडवी. एकेका सामन्यात दोन-दोन जुडगे आरामात भरायचे.

"तू स्वतः का टाकत नाहीस रे?" मी त्याला एकदा विचारलं.

"सायेब, माझ्यापरास त्यो रिंगच्या जवळ असतोय की," तो म्हणाला. प्रश्नच बावळट होता अशा सुरात.

त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो आणि साहेबांनी जाहीर केलं की टीममधल्या तीन टेंपररी माणसांना कायम करणार. नावं फायनलनंतर, शीट बघून. मी वही घेऊन केबिनमध्ये गेलो. साहेबांनी पानं उलटली, रेघा बघितल्या.

"हे काय अधिकृत आहे का?"

"नाही साहेब. पण टीम यानंच इथवर आणलीय."

"अहो, पास काय, कुणीही देईल. बॉल आत कोण टाकतो ते सांगा."

वही घेऊन परत आलो. संताप आला होता, पण टाइमकीपरच्या संतापाला कोण विचारतो? शनिवारी शिफ्ट सुटताना मी त्याला खोलीत बोलावलं, साहेबांचं बोलणं सांगितलं आणि म्हटलं, "उद्या कुणाला पास देऊ नकोस. बॉल आला की टाक."

तो डबा काखेत मारून एसटी पकडायला गेला.

रविवारी त्यानं टाकला. जिथून मिळेल तिथून टाकला. फिटर रिंगखाली हात वर करून उभा असायचा आणि हा त्याच्या डोक्यावरून टाकायचा. काही आत गेले, बरेच रिंगला थडकून परत आले. बाहेरून आमचेच लोक ओरडत होते, "आरं, दे की त्याला! डोळं फुटलं व्हय?" त्यानं एकदाही टेबलाकडे बघितलं नाही. आम्ही पाच पॉइंटांनी हरलो. शीटवर त्याच्या नावापुढे एकवीस होते, दोन्ही संघांत सगळ्यांत जास्त. त्याच्याशी कुणी हात मिळवला नाही. महिनाभरात तो कायम झाला. मला आनंद झाला आणि लाजही वाटली, दोन्ही खरं. फिटर पुढं कित्येक दिवस त्याच्याशी बोलत नव्हता.

पुढच्या वर्षी त्यानं टीममधून नाव काढून घेतलं. काही वर्षांनी टीमही बंद पडली. दोन हजारनंतर केव्हातरी फाटकावर कार्ड पंच करायचं मशीन आलं आणि मला माझी खोली आवरायला सांगितली. मस्टरच्या गठ्ठ्यात ती वही सापडली. तो तेव्हा मोल्डिंगचा चार्जहँड, म्हणजे तिथल्या गड्यांवरचा मुकादम, झाला होता, केस पिकायला लागले होते. शिफ्टला जाताना त्याला हाक मारली आणि वही पुढं केली.

तो उभ्या उभ्याच पानं चाळू लागला. रेघा बघून हसला. "हे सगळं माझं? आयला, कुणी मोजत हुतं म्हणायचं." मग शेवटचं पान आलं. वर फायनल असं लिहिलेलं, खाली त्याचं नाव आणि पुढं काहीच नाही. त्यानं त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"सायेब, ही जागा मोकळी का सोडलीसा?"

"रेघ मारण्यासारखं त्या दिवशी काही झालं नाही."

"मग मस्टरावर लावतासा तसा खाडा लावा की," तो म्हणाला. "त्या दिशी मी आलोच नव्हतो."

मी ड्रॉवरमधलं लाल पेन काढलं आणि त्याच्या नावापुढे खाडा लावला. खाडा लागेपर्यंत तो तिथंच उभा होता. मग भोंगा झाला आणि तो कामावर गेला.