मावशीची उशी

पडदा वर जातो. पोलीस ठाण्याची मागची खोली. भिंतीवर ताणून लावलेली पांढरी चादर, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, बाकांवर दाटीवाटीनं बसलेले गणवेश. पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेली धिप्पाड बाई म्हणजे आपली नायिका. हुद्द्यानं हवालदार, पण सगळं ठाणं तिला मावशी म्हणतं, अगदी साहेबसुद्धा.

मी तिथं कशी? शहरातून आलेल्या प्रशिक्षक बाईंना तक्रारदाराचं काम करायला कुणीतरी हवं होतं, आणि रिकामी बसलेली नटी गावात मी एकटीच. या वयात भूमिका चालून आली, मी कसली सोडते!

पुढच्या खोलीत खिडकीजवळ एक खुर्ची आहे. आसपासच्या गावांतल्या बाया रडत आल्या, की मावशी त्या खुर्चीत बसून त्यांचं सगळं ऐकून घ्यायची. कंबर धरते म्हणून जुन्या गणवेशाच्या कापडाची उशीही तिनं शिवली होती. पण बायकांचे खोटे व्हिडिओ बनवण्याचे प्रकार वाढले, आणि साहेबांनी जाहीर केलं, या प्रशिक्षणात जी उजवी ठरेल, ती खुर्ची तिची. मावशीच्या समोर उभी ठाकली होती धाकटी, नुकतीच भरती झालेली शिपाई.

मावशी तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. मान सरळ, कान मात्र तिरके. दुसरीच्या टाळ्या ऐकणारे असे कान मी विंगेत जन्मभर पाहिलेत.

पहिली पाळी मावशीची. मी डोळ्यांना रुमाल लावला. "बाई, कुणीतरी माझा चेहरा दुसऱ्याच बाईच्या उघड्या अंगावर चिकटवलाय हो. गावभर फिरतोय तो व्हिडिओ."

"रडू नकोस. आधी पाणी पी," मावशी म्हणाली आणि लगेच तिनं हात पुढे केला. "दाखव बघू. आणि माझ्या मोबाइलवर पाठव, पुरावा लागेल."

"थांबा," प्रशिक्षक बाई म्हणाल्या. "गावभर फिरत होता, तो आता ठाण्यातही आला."

मग धाकटी. "मला दाखवू नका. कुणाकडून आला, कुठं पाहिलात, तेवढं सांगा. काही पुसू नका, कुणाला पाठवू नका. तपासणीला मोबाइल आपण रीतसर घेऊ."

टाळ्या पडल्या.

"पाठांतर पक्कं आहे पोरीचं," मावशी मला ऐकू येईल अशा बेतानं पुटपुटली. "शाळेत बाईंची लाडकी असणार!"

"असा व्हिडिओ बनवणं किती सोपं आहे ते दाखवते," प्रशिक्षक बाई म्हणाल्या. "कुणाचा चेहरा घेऊ?"

धाकटीचा हात अर्धा वर गेला असेल-नसेल, तोवर मावशी उभी. "माझा घ्या. सगळं काय तिनंच करायचं?"

एक फोटो काढला, आणि चहा संपेपर्यंत चादरीवर चमचमत्या कपड्यांतली एक बाई कंबर हलवू लागली. मानेवर मावशीचा चेहरा, नाकाशेजारच्या तिळासकट. खोलीत हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं मावशी हसली. "बघा रे, कंबर अजून चालते माझी!"

तेवढ्यात मागून जीपच्या ड्रायव्हरनं मोबाइल उंच धरला. "ग्रुपवर टाकतो, मावशी. गंमत!"

मावशीचं हसू जागच्या जागी थिजलं. "अरे, ती मी नाही!"

हे काय कुणाला माहीत नव्हतं? सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बनवलेलं. तरी ती पुन्हा म्हणाली, "खरंच नाही रे ती मी," आणि तिचा हात आपसूक गणवेशाच्या वरच्या बटणाकडे गेला. लागलेलंच होतं ते.

हशा विरला. धाकटी उठली. ड्रायव्हरच्या हातातून मोबाइल घेतला, त्यातलं चित्रण पुसलं, प्रोजेक्टर बंद केला. मग पाण्याचा पेला आणून मावशीच्या हातात दिला आणि शेजारी बसली.

मावशीनं पेला रिकामा केला. "हे पण त्या बाईंनीच शिकवलं का गं?"

"नाही. हे तुमचं. आधी पाणी, मग बाकीचं. मी रोज बघते की."

या कौतुकानं तर मावशीच्या अंगाची आणखीच आग झाली, तिच्या कानांच्या पाळ्यांवरून मला कळलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, अशी ती चिडली.

साहेबांनी घसा साफ केला. "मग, मावशी? तुम्हीच सांगा."

ती उठून पुढच्या खोलीत गेली. आम्ही सगळे तिच्यामागून. तिनं खुर्चीवरची उशी उचलली, काखेत मारली, दारापर्यंत आली. तिथं थबकली. परत फिरली, उशी खुर्चीवर ठेवली, दोन थापा मारून फुगवली आणि धाकटीकडे न बघता म्हणाली,

"बस तू. पण उशी माझी आहे, विसरायचं नाही."