धावड्याच्या टेकडीची राखण

रामीबाई राठोडनं टेकडीसाठी बकऱ्या विकल्या, हे वाशीममध्ये आता फारसं कुणाला आठवत नाही.

ती मूळची मंगरूळपीरकडच्या तांड्यावरची. नवरा लखीरामला वाशीमच्या एका गोदामावर चौकीदारी मिळाली, तेव्हा दोघं इकडं आली. शहराच्या कडेला धावड्याची टेकडी. तिच्या पायथ्याशी त्यांनी टिनाची खोली उभी केली. शेजारी नणंद हिरीबाई आली. दोघींच्या बकऱ्या टेकडीवर चरायच्या. धावडा, पळस, बोरी, मधेच एखादा मोह. सकाळी फिरायला येणारी शहरातली माणसं बकऱ्यांना बाजूला होऊन वाट द्यायची.

मग पेपरात नोटीस आली. शहराच्या नव्या आराखड्यात टेकडीचा हिरवा रंग जाऊन पिवळा येणार होता. पिवळा म्हणजे घरं, प्लॉट. फिरायला येणाऱ्यांनी समिती केली. पुढारपण मोहनसिंग ठाकूर या निवृत्त मास्तरांकडं आलं. माणूस भला. उन्हातान्हात दारोदार जाऊन त्यांनी हरकतींवर सह्या घेतल्या. पण पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "इथं जंगल कुठं आहे? बकऱ्यांनी खाल्लेली झुडपं आहेत ही."

त्याच संध्याकाळी मास्तर रामीबाईच्या दारात उभे राहिले.

"रामीबाई, तुह्या बकऱ्यापायी टेकडी जाऊन राह्यली. झाडं वर येऊच नाही राह्यले."

"मंग मी काय करू, मास्तर? त्याहिले बांधून ठेवू?"

"ते मले नाही सांगता येत. पण टेकडी गेली तं तूबी जाशीन, हे ध्यानात ठेव."

लखीराम म्हणाला, "शयरातले लोक आपले कदी झाले व?" पण रामीबाईनं तांड्याचं चराऊ रान सोयाबीनखाली गेलेलं पाहिलं होतं. एकदा गेलेलं रान परत येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं बकऱ्या बाजारात नेल्या. गाभणीसुद्धा ठेवली नाही.

आता ती समितीत होती. तिनं मागच्या उतारावर कडुनिंब आणि करंज लावले, कारण माती तिकडंच होती. उन्हाळाभर खालून डोक्यावर पाणी नेलं. हिरीबाईच्या बकऱ्या रोपांत शिरल्या तेव्हा तिनं त्यांना काठीनं हाकललं. एकीच्या पायाला लागलं.

"तू आता शयरातल्याईची झाली काय?" हिरीबाईनं विचारलं. महिन्याभरात हिरीबाई बकऱ्या घेऊन तांड्यावर परत गेली.

सुनावणीला सगळे कचेरीत गेले. मास्तर चांगलं बोलले. मग रामीबाई उठली. साहेबांनी विचारलं, "तुम्ही राहता कुठं?"

"टेकडीपाशीच जी. पायथ्याले."

"घर कुणाच्या नावावर?"

ती मागं बघायला लागली. साहेबांनी शेजारच्या कारकुनाला सांगितलं, "अतिक्रमण. नोंद घ्या." समितीतलं कुणी बोललं नाही. मास्तर हातातले कागद सरळ करत राहिले.

पावसाळा संपता संपता निकाल लागला. पुढचा भाग बगिच्याला, मागचा उतार प्लॉटला. मास्तर स्वतः सांगायला आले. खाटेवर बसले नाहीत.

"काहीच नसतं भेटलं, रामीबाई. पुढचं तरी वाचलं. लोक थकले आता. वकील म्हने, अजून लढलो तं तेबी जाईन."

"झाडं तं मांगं लावले ना, मास्तर."

मास्तरांनी मागच्या उताराकडं पाहिलं.

"तुमाले फिराले जागा भेटली. मले काय भेटलं?"

"बगिच्यात तुह्या कामाचं बोलतो मी," ते म्हणाले. ते बोललेही. पण काम ठेकेदाराकडं गेलं आणि ठेकेदारानं आपली माणसं आणली.

पुढच्या उन्हाळ्यात जेसीबी आलं तेव्हा करंज तिच्या कंबरेला लागले होते. ती आडवी उभी राहिली. ड्रायव्हरनं मशीन बंद केलं, बाटलीतलं पाणी प्यायला आणि म्हणाला, "मायबाई, तुमी थांबवलं तं उद्या दुसरा येईन." ती बराच वेळ उभी होती. मग ऊन लागून ती खाली बसली, आणि त्यानं बाजूनं मशीन घातलं.

खोलीची नोटीस त्यानंतर आली. बगिच्याचं फाटक नेमकं तिथंच बसणार होतं. टिनं उतरवली त्या सकाळी समितीतले एकटे मास्तर आले. रस्त्यापलीकडं स्कूटर लावून उभे राहिले. रस्ता ओलांडून आले नाहीत.

लखीराम गोदामावरच झोपायला लागला. बायकांना तिथं राहू देत नव्हते. रामीबाई एकटी तांड्यावर गेली. हिरीबाईनं तिला ओसरीत जागा दिली, भाकर दिली. टेकडीचं काय झालं, ते मात्र विचारलं नाही.

दसऱ्यानंतर ऊसतोडीचा मुकादम आला. रामीबाईनं याआधी कधी ऊस तोडला नव्हता. ट्रक भरला तेव्हा ती कपड्यांचं गाठोडं घेऊन मागच्या बाजूनं चढली, आणि बसायला जागा नव्हती म्हणून दांडी धरून उभी राहिली.