उडी न मारणारा प्रकाश

"थांब रे, टेबल अजून हलतंय," असं म्हणत ती तळहात टेबलावर सपाट ठेवायची. अंधेरीच्या एमआयडीसीत दुसऱ्या मजल्यावर आमची छोटी कंपनी. खालून ट्रक गेलेला आम्हाला कळायचाही नाही. तिला कळायचा.

देवनारच्या पालिका शाळेत शिकलेली ही बाई रंग बदलणाऱ्या लेसरची रचना करायची. आम्ही तिला ताई म्हणायचो. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्याच्या शेजारी उभं राहिलं की आपला आवाज आपोआप खाली येतो.

तेव्हा आम्ही डोळ्यांच्या हॉस्पिटलसाठी यंत्र करत होतो. तांदळाच्या दाण्याहून लहान चिपमधला प्रकाश अतिबारीक रेघांच्या आरशावर पडायचा. आरसा फिरला की प्रकाशाचा रंग सरकायचा आणि त्यातून डोळ्याच्या पडद्याचे थर दिसायचे. पण एका जागी रंग सरकायच्या ऐवजी उडी मारायचा.

"एवढंसंच आहे ना? सॉफ्टवेअरने झाकू," साहेब म्हणाले.

"झाकलं तर त्याखालचं डॉक्टरांना दिसणार कसं, सर?" ताईने विचारलं.

"मग चूक कोणाची?"

"माझी. आरसा ज्या खिळीभोवती फिरतो, तिची जागाच मी चुकवली."

इतकं सरळ उत्तर ऐकून साहेबांनी मुदत वाढवून घेतली. ताईने सगळं गणित पुन्हा मांडलं. नऊ दिवस ती खीळ केसाएवढीही नाही, त्याहून कमी सरकवत राहिली. दहाव्या दिवशी स्क्रीनवरची रंगाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गेली.

"झकास," ती म्हणाली आणि चहा मागवला.

हॉस्पिटलात यंत्रासमोर पहिली तीच बसली. स्क्रीनवर तिच्या डोळ्याचे पापुद्रे उमटले. डॉक्टरीणबाई स्क्रीनजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "मधोमध पडदा झिजलाय. तुम्हाला त्रास होत नव्हता?"

"स्पष्ट दिसलं ना?" ताईने उलट विचारलं. "मग यंत्र बरोबर आहे."

परतताना रिक्षात मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"वर्षभर सरळ रेघ वाकडी दिसते रे. बोटांना कळतं, म्हणून चाललं."

ते नऊ दिवस मला पुन्हा आठवले. ती खीळ तिने बोटांनीच सरकवली होती.

पुढे दुसरा डोळाही गेला, तिने काम सोडलं. तिच्या जागेवर आता मी बसतो. पण मला आठवते ती त्या रिक्षातली. घाटकोपरच्या सिग्नलला रिक्षा थांबलेली. स्वतःच्या डोळ्याची प्रिंट नाकाला लागेल इतकी जवळ धरून ती एकेका थरावरून बोट फिरवत होती.

"बघ ना," ती म्हणाली, "केवढं बारीक आलंय!"